मी गिळलेली चिठ्ठी

हसणार नसाल तर सांगते. भीतीपायी माणूस काय काय करतं? मी कागद खाल्ला!

आमच्या तेरमधली टळटळीत दुपार. वीज गेलेली, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. विरजणाचं निमित्त काढून मी शेजारच्या सुमनकडं निघाले, तर खिडकीतून तिच्या पल्लवीची पुटपुट ऐकू आली. पोरगी धाराशिवच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. आता न डोकावता पुढं जाईन ती मी कसली?

आत अंधार. पोरगी एकटीच उकिडवी बसलेली. फरशीवर खडूनं तीन चौकटी, प्रत्येकीत एक चिठ्ठी.

“सरूकाकू,” ती पुटपुटली आणि एका चिठ्ठीवर बोट टेकवलं. टक्!

सरू म्हणजे मीच की हो! माझ्याच मानेवर कुणीतरी गार बोट ठेवल्यागत झालं.

“दूधवाला आला. जागा न्हाय. तात्या गेले.” एक चिठ्ठी कोपऱ्यात भिरकावली, तिच्या चौकटीत नवी ठेवली.

तात्या! आमचे समोरचे! छातीत कळ आली म्हणून सकाळीच दवाखान्यात नेलेले!

“सरूकाकू.” टक्! “धोंडूमामा आले. शांतामावशी गेली.”

शांतामावशीचा खोकला आठवला. भानामती! दुसरं काय? शिकल्यासवरल्या पोरीनं अख्खी गल्ली संपवायला घेतली! मी खिडकीचा गज घट्ट धरून बघत राहिले.

तिनं चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा मांडल्या. “आता दुसरी रीत. जो आधी आत आला, तो आधी बाहेर. म्हणजे सरूकाकूच जाणार.”

तिचा हात माझ्या चिठ्ठीकडं सरकला. कुठून बळ आलं कुणास ठाऊक! किंचाळत आत घुसले, चिठ्ठी उचलली आणि गिळून टाकली. म्हटलं, “काढ आता!”

“अवो काकू! उद्या पेपर हाय माझा!”

“आन् तात्यांना का मारलंस?”

“कुणाला मारलं? कॉम्प्युटरच्या हाताशी जागा थोडी असती. नवं घ्यायचं तर जुनं काढावं लागतं. कुणाला काढायचं, त्याचा अभ्यास हाय ह्यो. आकडे ध्यानात राहीनात, म्हणून आपल्या घरी कोण कधी आलं त्यांची नावं लिहिली!”

सुमन स्वयंपाकघरातून ओरडली, “तात्यांना पित्त झालंतं. घरला निघालेत ते!”

“दुसऱ्या रीतीनं तुम्हाला काढलं,” पल्लवी म्हणाली, “की लगेच तुम्ही परत दारात! सारखी काढ-घाल. त्यापेक्षा पहिली बरी. जो सगळ्यात जास्त दिवस फिरकला न्हाय, तो बाहेर. तीत तुम्हाला काढायची वेळच येत न्हाय.”

“वेळ रोज येती गं,” सुमन म्हणाली, “पण काढायचं कुणी?”

मी विरजण मागितलं, आणि चहा होईस्तोवर बसले.