हेल्मेटवरचा मळवट

ओल्या कुंकवाचा आणि जळत्या कापराचा वास एकत्र आला, की मला तुळजापुरातल्या वाहनतळावरची ती रणरणती दुपार आठवते. माझ्या श्रद्धेची परीक्षा त्या दिवशी गाभाऱ्यात झाली नाही; ती स्कूटरच्या सीटपाशी झाली.

दर्शन घेऊन मी आणि सासूबाई लोहाऱ्याकडे परत निघालो होतो. त्यांना मी आत्याबाई म्हणते. पुजाऱ्यांनी त्यांच्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरला होता, आणि आमच्या घरची रीत अशी, की घरच्या देव्हाऱ्यासमोर माथा टेकेपर्यंत तो विस्कटू द्यायचा नाही. येताना निमूट घातलेले हेल्मेट आत्याबाईंनी आता माझ्या हातात परत ठेवले.

"मळवट पुसू व्हय म्या? आईच्या दारातनं निघालेल्याला काय हुतंय?"

"हेल्मेटशिवाय गाडी हलणार नाही, आत्याबाई."

"आईपेक्षा ह्या टोपल्यावरच लई भरवसा दिसतोय मास्तरीणबाईंचा!"

आजूबाजूची माणसे हसली. ते वाक्य मात्र मला काट्यासारखे रुतले. आपली भक्ती खरेच उणी आहे का? देवीच्या पायरीवर उभे राहून मी देवीवरच अविश्वास दाखवते आहे का? शंका मनात होती, तरी किल्ली मी मुठीत घट्ट धरून ठेवली. त्यांचे डोके उघडे ठेवून महामार्गावर जायचे नाही, मग कुणी मला नास्तिक म्हणो.

एवढ्यात जोगवा मागत एक आराधीण आमच्यासमोर येऊन थांबली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, पायांना धुळीचा रंग. "का गं भांडताव मायलेकी?" तिने विचारले.

"लेक न्हाय, सून हाय," आत्याबाई फणकारल्या, आणि सगळी तक्रार त्यांनीच सांगितली.

आराधीण मनापासून हसली. परडीतले कुंकू चिमटीत नव्हे, मुठीत घेऊन तिने हेल्मेटच्या दर्शनी भागावर आडवा, भरघोस मळवट ओढला. "घ्या. आई पाठीशी ऱ्हावी म्हणताव, मग डोक्यावर बसली तर नगं व्हय?"

आत्याबाईंनी मान पुढे केली. हनुवटीखालचा पट्टा लावताना माझी बोटे लाल झाली.

नळदुर्गच्या अलीकडे एका वळणावर अर्ध्या रस्त्यात सोयाबीन वाळत घातले होते. समोरून ट्रक आला, मला कडेला घ्यावे लागले, आणि चाक त्या गोल, कोरड्या दाण्यांवरून निसटले. आम्ही दोघी पडलो. दगडावर नारळ आपटावा तसा आवाज माझ्या मागे झाला. वळून पाहिले, तर आत्याबाईंच्या हेल्मेटला कुंकवाच्या रेघेतून आरपार तडा गेला होता. मी ते काढले. आतला मळवट फिसकटला होता; कपाळ शाबूत होते.

ती आराधीण कोण होती, मला ठाऊक नाही. पुढच्या कितीतरी मंगळवारी मी तिला तुळजापुरात शोधले. ती दिसली नाही. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही, फक्त हात जोडते. मला इतकेच उमगले आहे, की आईच्या ओटीत आपण फुटका नारळ घालत नाही. मग तिच्या स्वाधीन करायचे डोके तरी निष्काळजीपणे का न्यावे? शरण जाणे म्हणजे स्वतःला वाऱ्यावर सोडणे नव्हे.

त्या दिवशी सोयाबीनवाला शेतकरी धावत आला. आम्हाला त्याने पाणी दिले, ओशाळून म्हणाला, "लई लागलं न्हाय न्हवं? जीप थांबवून देतो, जावा तुमी."

"आधी हा रस्ता झाडा. मागून येणाऱ्याच्या डोक्यावर काही नसेल," मी म्हणाले. "तोवर मी इथून हलणार नाही."

"आवो, सांजच्याला गोळा करणारच हाय की!" तो काकुळतीने आत्याबाईंकडे वळला. "तुमी तरी सांगा हिला."

आत्याबाईंनी खरचटलेल्या कोपराला पदर गुंडाळला. एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्या पिवळ्या दाण्यांकडे. मग कडेच्या मैलाच्या दगडाला पाठ टेकून, पाय पसरून, त्या मला म्हणाल्या,

"बसू."