डावं मागचं चाक

बारीकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यानं उचलल्या, म्हणून दुकानाच्या गल्लीनं ते नाव पाडलं. दुकान बंद झाल्यावर तोच चिमटा आणि तेच भिंग त्यांनी घरी आणलं आणि गाड्यांची छोटी मॉडेलं करायला घेतली. वाफेची इंजिनं, ट्राम, आगीचे बंब, सगळं खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढं.

वाचनालयात दारासमोरच एक काचेचं कपाट आहे. हौशी लोकांच्या प्रदर्शनात जे मॉडेल सरस ठरतं, ते वर्षभर त्याच्या मधल्या कप्प्यात राहतं. सलग सहा वर्षं तो कप्पा बारीकरावांचा होता. पेपर वाचायला गेले की नेमकी तिथंच त्यांना चष्मा पुसायची आठवण होई.

आणि मग साडू या धंद्यात उतरले. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, जन्मभर मालट्रक चालवलेला, आवाज खणखणीत, बोटं जाडजूड. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी बसले, तेव्हा बारीकरावांनीच एक पडून असलेला ट्रकचा संच त्यांना दिला होता. "तेवढाच वेळ जाईल बिचाऱ्यांचा," असं बायकोला सांगूनही झालं होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळीच साडू तो ट्रक पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घेऊन आले. बारीकरावांनी भिंग लावलं. बंपर तिरका होता, दाराच्या फटीतून डिंक बाहेर आला होता. त्यांना बरं वाटलं. मग नजर खाली गेली आणि ते बरं वाटणं तिथल्या तिथं आटलं.

ट्रक चिखलानं माखला होता. नुसता तपकिरी रंग फासलेला नव्हे. पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल दाराखाली पंख्यासारखा पसरला होता. मागच्या जोडचाकांच्या सांदीत तो दाटून बसला होता, सायलेन्सरजवळ सुकून पांढुरका पडला होता, आणि पायरीवर बुटानं घासून मधोमध नाहीसा झाला होता.

"कशाचा केलात हा?"

"रंगीत खडू, भाऊ. सँडपेपरवर घासले, मलमलीतून गाळले, ब्रशनं बसवले. तीस वर्षं धुतलाय तो चिखल. कुठं बसतो ते मला विचारा."

बारीकरावांनी टेबलावरच्या, प्रदर्शनासाठी केलेल्या स्वतःच्या इंजिनाकडे पाहिलं. आठ महिन्यांची मेहनत. रिव्हेट न् रिव्हेट जागेवर होता, पण इंजिन कालच कारखान्यातून निघाल्यासारखं दिसत होतं. कुठं गेलं नव्हतं की काही ओढलं नव्हतं.

"पण हात लावला की भुकटी झडते हो," साडू म्हणाले. "बसायला काय करू?"

"थिनर सोडायचं. ड्रॉपरनं, कडेला एकच थेंब. भुकटी आपसूक शोषून घेते."

"मग तेवढं तुम्हीच करा. माझा हात पडला तर चाकासकट बाहेर येईल."

साडू चहा घ्यायला आत गेले. आतून बायकोच्या आणि त्यांच्या थट्टेचा आवाज येऊ लागला. बारीकरावांच्या टेबलावर दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या, थिनरची आणि चकाकीच्या वॉर्निशची. थिनर उडून जातं, चिखल होता तसा कोरडा राहतो. वॉर्निश उडत नाही. भुकटीच्या सगळ्या छटा ते गिळून टाकतं.

त्यांनी वॉर्निशची बाटली उघडली. भरला ब्रश डाव्या मागच्या चाकावर टेकवला. भुकटीनं वॉर्निश अधाशासारखं पिऊन टाकलं. तीन रंगांचा चिखल बघता बघता एकच काळा, चकचकीत गोळा झाला. आता बाकीची चाकं.

"अरे वा," मागून आवाज आला. साडू कप घेऊन दारात उभे होते. ते वाकले, चाकाजवळ नाक नेलं. बारीकरावांचा ब्रश हवेतच राहिला.

"भाऊ, हे कसं सुचलं तुम्हाला? अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की हेच चाक खाली उतरवायचो मी. डबक्यात जायचं आणि असंच चमकत वर यायचं. बाकीची कोरडीच राहू देत हं."

मग काय करणार. बाकीच्या चाकांना बारीकरावांनी थिनर लावलं, एकेक थेंब, मन लावून. वाईट काम करायची त्यांच्या हाताला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई इंजिनापुढून "सुबक आहे" म्हणून पुढे सरकल्या आणि ट्रकपाशी थबकल्या. त्या बराच वेळ एकाच चाकाकडे बघत होत्या.

"हे एकच ओलं कसं?"

"ते आमच्या साडूंचं डोकं," साडू सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले. "माझं म्हणाल तर नुसता खडू आहे."

मधला कप्पा ट्रकला मिळाला. इंजिन खालच्या कप्प्यात गेलं, वाकल्याशिवाय दिसणार नाही असं. ट्रकखालच्या चिठ्ठीवर साडूंनी आग्रहानं एक ओळ वाढवून घेतली: ओलं चाक, साडूभाऊंच्या हातचं.

बारीकराव अजूनही पेपर वाचायला जातात, चष्मा मात्र घरूनच पुसून नेतात. तरी जाता जाता नजर तिकडे जातेच. एखाद्या दिवशी ते चाक सुकलेलं दिसेल, असं त्यांना का वाटतं कोण जाणे. ते तसंच चमकत असतं.

एकदा असेच तोंड पाडून घरी आले. बायको मटार सोलत होती.

"पुन्हा कपाट बघून आलात वाटतं."

"पेपर वाचून आलो."

"बरं." तिनं एक शेंग उकलली. "त्या दिवशी वॉर्निशचं झाकण उघडंच राहिलं होतं तुमचं. मी दारातून डोकावले तेव्हा थिनरचं मात्र लावलेलंच होतं, आणि साडू अजून आत चहाच पीत होते."

बारीकरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तिनं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"कुणी विचारायच्या आत मी लावलं ते झाकण," ती म्हणाली. "घ्या, निम्मे सोला."