अर्धी दाढी

आमचे बालाघाटचे न्हावीबुवा कशालाही "हौ, बाबूजी" एवढंच म्हणत. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी दोन महिने घराबाहेर पडलो नाही. नुसता पडून राहायचो, उगाच डोळे भरायचे. शेवटी बायकोनं त्यांना घरी बोलावलं.

"आता जगण्यात राम नाही," मी म्हणालो.

"हौ, बाबूजी." एक गाल झाला आणि त्यांनी वस्तरा मिटला.

"काहून थांबले?"

"बाकीची दुकानावर करू. माह्या बापालेही असंच झालतं. घरात बसून मन बरं नाही होत."

ते निघून गेले. शिपायांना धाक घालणारा मी हेडक्लार्क, गमछ्यात अर्धं तोंड लपवून भर बाजारातून दुकानावर गेलो. तिथले सगळे हसले. मलाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दाढी वाढली नव्हती, तरी गेलो.