चपलेतला दीड इंच

माझा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंचाने आखूड आहे. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला होता. नऊ वर्षांची होईपर्यंत मी इस्पितळातून मिळालेला काळा, जाड तळाचा बूट घालायचे. पनवेलच्या बाजारातून आईबरोबर जाताना लोक आधी बुटाकडे बघायचे, मग माझ्या तोंडाकडे. मला त्याची सवय झाली होती, आईला कधीच झाली नाही.

मग एका रविवारी बाबा मला बाजारातल्या एका गल्लीत चपलांच्या दुकानात घेऊन गेले. दुकान कसलं, एक दार, एक बाकडं आणि आत मांडी घालून काम करणारे एक गृहस्थ. त्यांना सगळे काकाच म्हणायचे. बाबांनी डॉक्टरांचा कागद पुढे केला. काकांनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि मला म्हणाले, "बूट काढ. समोर भांड्यांचं दुकान आहे ना, तिथपर्यंत जा आणि परत ये."

"अनवाणी?" बाबांनी विचारलं.

"अनवाणीच. पाय कसा पडतो ते या कागदात नाही लिहिलेलं."

भर बाजारात मी लंगडत गेले आणि आले. रडू आवरून धरलं होतं. काका रस्त्यावर उकिडवे बसून माझ्या टाचांकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि त्याचंच मला बरं वाटलं.

आठ दिवसांनी सँडल मिळाल्या. डाव्या तळात कॉर्कचे थर एकावर एक चिकटवून वरून तपकिरी चामडं ओढलं होतं. उजव्या सँडललाही त्यांनी थोडा जाड तळ दिला होता, म्हणजे दोन्ही मिळून एखादी फॅशन वाटावी. शाळेत एका मुलीने विचारलं, "कुठून घेतल्यास गं?" असं मला तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर तीसेक वर्षं माझ्या पायात त्यांच्याच हातचं काही ना काही असायचं. कॉलेजच्या चपला, बँकेत लागले तेव्हाचे बंद बूट, बाळंतपणानंतर पाय सुजले तेव्हाच्या सैल पट्ट्यांच्या सँडल. लग्नाच्या वेळी मी सोनेरी रंगाच्या सांगितल्या. काकांनी माप घेता घेता विचारलं, "आणि सप्तपदीला? तेव्हा तर काढाव्या लागणार. नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, एक हलका तळवा करून देतो. पायाला बांधायचा, साडीखाली कळणारसुद्धा नाही."

दोन दिवस विचार करून मी नको म्हणून सांगायला गेले. "काका, सातच तर पावलं आहेत. आहे तशीच चालेन. ज्याच्याबरोबर चालायचंय त्याला ठाऊक आहे."

"बरं," ते म्हणाले. "तेवढं गिऱ्हाईक बुडलं माझं." आणि हसले.

लग्नात ते आले होते. अक्षता टाकून, जेवून गेले. माझ्या पायाकडे बघत होते की नाही, ते मी पाहिलं नाही.

मधल्या काळात आम्ही नवीन पनवेलला राहायला गेलो. तरी चपलांसाठी मी जुन्या बाजारातच जात होते. मग पाचेक वर्षांपूर्वी कंबर दुखायला लागली. मुलगी मला मुंबईला एका केंद्रात घेऊन गेली. तिथे काचेवर उभं राहायचं, पायाचा दाब कॉम्प्युटरवर रंगात दिसतो, आणि त्यावरून बूट तयार होतो. तो बूट पायात घातला आणि मला माझ्या पायाचं वजनच लागेना. महिन्याभरात कंबर दुखायची थांबली. खरं सांगायचं तर तो बूट काकांच्या सँडलपेक्षा चांगला होता.

आणि तिथून मी वाट बदलली. बाजारात गेले तर भाजी घेऊन मागच्या गल्लीने बाहेर पडायचे. काकांच्या दारावरून दुसऱ्याचा बूट घालून जायला जीव धजत नव्हता. पुढच्या दिवाळीत जाऊन भेटू, असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

गेल्या वर्षी एकदा जुन्या सँडलचा पट्टा तुटला, आणि जायला एक कारण मिळालं म्हणून मला आनंदच झाला. गल्लीत गेले तर तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली. नव्या दुकानदाराने सांगितलं, "ते मुलाकडे गेले, सुकापूरला. दीड वर्ष झालं की."

मला रागच आला. न सांगता कसं बंद केलं? घरी येऊन नवऱ्यापाशी चडफडले. तो शांतपणे म्हणाला, "सांगायला तू होतीस कुठे?"

पत्ता मिळवून मी सुकापूरला गेले. कुठल्या पायताणाने जायचं यावर बराच वेळ घोळ घातला, शेवटी नवे बूटच घातले. सुनेने दार उघडलं. काका गॅलरीत खुर्चीत बसले होते, एका डोळ्याला हिरवी पट्टी. मी नाव सांगायच्या आत म्हणाले, "ये. पावलावरून कळलं."

मी खाली बघून म्हटलं, "काका, मी दुसरीकडून बूट घेतले."

"माहीत आहे. रिक्षातून उतरताना बघितलं होतं तुला, तीनेक वर्षं झाली. पाय सरळ पडत होता."

"मग हाक का नाही मारलीत?"

"कशाला? तू लाजली असतीस. आणि माझं काम काय होतं, तुझा पाय सरळ पडावा हेच ना? मग तो पडत होता."

त्यांनी बूट मागून घेतला. आत हात घातला, तळ वाकवून पाहिला, नाकाशी नेला. "चामडं नाहीच यात," असं पुटपुटले. मग म्हणाले, "चांगलं केलंय. मला हे जमलं नसतं." त्यात कुठेही कडवटपणा नव्हता, आणि तेच मला सोसेना.

दुकान का बंद केलं ते त्यांनी स्वतःच सांगितलं. नजर अधू झाली, हात कापायला लागला, जागा सोडा म्हणून मालकही मागे लागला होता. "गिऱ्हाईक कमी झालं, ते आपलं शेवटचं कारण," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले का, कोण जाणे.

निघताना त्यांनी कोन गावच्या एका बाईचा नंबर दिला. तिचाही पाय माझ्यासारखाच. "तिला मुंबईचं ते केंद्र सांग. तिची सोय व्हायला हवी."

मी त्याच संध्याकाळी फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाय बाय, सध्या नको. माझ्याकडं चार जोड हाईत."

"चार?"

"तेंनी दुकान बंद करायच्या आदी करून दिले. आमी जात होतो ना दर महिन्याला, नुसतं बसायला. तेंनी सांगलं, आता डोला काय साथ देत नाय, तर मी लगेच चार सांगून ठेवले. तुमी नव्हता का जात?"

"नाही," मी म्हटलं. "मी नव्हते जात."

मग बाई म्हणाल्या, "हे झिजले का येईन तुमच्यासंगती मुंबईला. नंबर ठेवते तुमचा."

मीही त्यांचा ठेवून घेतला.