पेशंट बरे झाले, म्हणून विकणे आहे

आधीच सांगते, आमच्या घरात लिंबू येतं ते पोह्यांवर पिळायला, दाराला टांगायला नाही. मी केमिस्ट्रीची बीएस्सी. लग्न होऊन आले त्या वर्षी दारावरची काळी बाहुली मीच काढून कचऱ्यात टाकली होती आणि कुणाचंही काही वाकडं झालं नव्हतं. त्यामुळे खालचं वाचून "हिला कुणाला तरी दाखवा" असं ज्यांना वाटेल त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

आम्ही शिरूरला राहतो, घोडनदीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरात तिघंच – मी, मिस्टर आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मामांनी तीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाची बोली पुकारली. आवाज असा की त्यांनी ओसरीवरून चहा मागितला तर शेजारीण विचारायची, "मी ठेवू का आधण?"

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा पलंग मागे राहिला. हॉस्पिटलमध्ये असतो तसला, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येणारा. जुन्या सामानाच्या ॲपवर मी त्याचा फोटो टाकला आणि खरं तेच लिहिलं, "पेशंट वारल्यामुळे विकणे आहे." आठ दिवस एक फोन नाही. मग फोटो तोच ठेवला, ओळ तेवढी बदलली – "पेशंट बरे झाले, म्हणून विकणे आहे." तासाभरात चार फोन. लोक त्या ओळीचे पैसे देतात हे मला तेव्हाच कळलं.

मग त्याचाच धंदा केला. पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी. माल कुठून आणायची? चौकातल्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरून. फोटो, नाव, गाव, दशक्रियेची तारीख – सगळं छापलेलंच असतं. मिस्टर छोटा हत्ती टेम्पो चालवतात. न्हावरा, चौफुला, वरवंड, कुरकुंभ करत दौंडपर्यंत भाडी मारायचे आणि वाटेतल्या फ्लेक्सचे फोटो काढून मला पाठवायचे. दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी दारात हजर. त्याआधी लोक सामान हलवू देत नाहीत, आणि आठवडा जाऊ दिला तर रडं ओसरून त्यांना भाव सुचायला लागतो. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणतात, "घिऊन जावा बाई, डोळ्यांम्होरं नको." मी पदराने डोळे टिपायची आणि पलंगाचे नट ढिले करायला घ्यायची. निर्दयी म्हणायचं तर म्हणा... मला त्याचं काही वाटायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात वरवंडहून एका बाईंचा फोन आला. नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलेलं, डावा हात लुळा पडलेला. पलंग पसंत होता, भावही पटला होता. पण त्या म्हणाल्या, "ताई, ज्यांचा पलंग हाय त्यांच्यासंगं आमच्या ह्यांना दोन शब्द बोलू द्या की. जेवतच न्हाईत ओ. बरा झालेला मानूस ऐकला म्हंजी धीर यील."

ज्यांचा पलंग होता ते आंधळगावचे गृहस्थ महिन्यापूर्वीच फ्लेक्सवर झळकले होते. मी इकडेतिकडे पाहिलं. समोर मामा शेंगा फोडत बसले होते. मी फोनवर हात ठेवला आणि त्यांना म्हटलं, "मामा, तुम्ही पेशंट होता आणि बरे झालात, एवढंच सांगायचं."

मामांना मजा वाटली. फोन घेतला आणि सुरूच झाले, "राम राम पाव्हणं. आवो माझा बी डावा हात असाच पडला हुता, माशी उडवता येत नव्हती. आता बघा, शेंगा फोडतोय. जेवायचं सोडू नका." पलीकडचा माणूस रडायला लागला. त्याच संध्याकाळी पलंग वरवंडला पोचला.

तीन आठवड्यांनी त्या बाईंचा परत फोन. हात उचलायला लागले, म्हणाल्या. डॉक्टरांनाही नवल वाटतंय. आणि हसत म्हणाल्या, "पयल्यांदा काय केलं म्हायतीय का? वाटीतल्या शेंगा फोडल्या." मी मामांना सांगायला ओसरीवर गेले तर चहाचा कप त्यांच्या पायाशी फुटलेला आणि ते डाव्या हाताच्या बोटांकडे बघत बसलेले. बोटं मिटतच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, वय एकाहत्तर, बीपी आहे, मेंदूत छोटी गाठ झालीय रक्ताची. गोळ्या दिल्या. मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

दुसरा फोन केंदूरचा. एका मुलीची आई पाय टाकेना, वॉकर हवा होता. "आमच्या पेशंटशी बोलायचंय का" हे आता मीच विचारायला लागले होते... कारण मामा बोलले की गिऱ्हाईक घासाघीस करत नसे. मामा फोनवर त्या आईला म्हणाले, "मावशी, मी रोज सकाळी पुलापतुर चालत जातो, आन् चालतच माघारी येतो." त्यात खोटं तसं काहीच नव्हतं, ते रोज जायचेच.

पंधरा दिवसांनी पुलावरून मामांना रिक्षात घालून आणलं. अर्ध्या वाटेत पाय गेले. आणि मी त्यांना घेऊन दवाखान्यात बसले होते तेव्हाच केंदूरच्या मुलीने व्हिडिओ पाठवला – आई मारुतीच्या देवळापर्यंत चालत निघालीय, वॉकर न घेता.

त्या दिवशी घरी आल्यावर मामा पडल्या पडल्या म्हणाले, "पोरी, जुन्या सामानाचं असंच असतंय. एका घरातनं निघाल्याबिगर दुसऱ्या घरात जातंय व्हय?" मी म्हटलं, झोपा आता. मिस्टरांना हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फोन बंद झाले असते, आणि बाजारपेठेत मी एक गाळा बघून ठेवला होता.

म्हणजे तिसऱ्या वेळी मला काहीच कळत नव्हतं असं म्हणाले तर ते खोटं होईल. संशय होता. पण बीएस्सी झालेल्या बाईने असल्या संशयावर धंदा सोडायचा का, असं मीच मला ऐकवत होते. आपल्याला नको असलेली गोष्ट खोटी ठरवायला शिक्षण फार कामाला येतं.

तिसरा फोन दौंडचा. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका, त्यांची वाचा गेलेली. बायकोला सगळंच हवं होतं – दोन हँडलचा पलंग, हवेची गादी, व्हीलचेअर. काकू म्हणाल्या, "त्यांना ऐकू येतं हो सगळं. कुणी बरं झालेलं बोललं ना, तर..."

मी फोन घेऊन मामांच्या कॉटपाशी गेले.

"काय गेलंय त्यांचं?"

"बोलणं."

"द्यायाचंच का त्यांना सामान?"

"मामा, गिऱ्हाईक पक्कं आहे."

"आण मग," ते म्हणाले.

आजारी पडल्यापासून मामा इतकं मोठ्याने आणि इतका वेळ कधी बोलले नव्हते. यार्डातल्या गमती सांगितल्या, एका व्यापाऱ्याची नक्कल केली. काकू फोनवर हसत होत्या. शेवटी मामा म्हणाले, "काका, माझी बी जीभ अशीच बसली हुती. मग म्या रोज लिलाव पुकारायचो. तुमी बी म्हना माझ्यासंगं. एक वार... दोन वार..." आणि तिथेच थांबले. उजव्या हाताने फोन माझ्याकडे दिला. मी काकूंकडून पत्ता घेत घेत बाहेर गेले.

मामांची वाचा गेलीय हे आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तोवर आम्हाला वाटलं, रुसलेत. घरात म्हाताऱ्या माणसाशी आम्ही किती बोलायचो ते यावरून समजा. मला याची जेवढी लाज वाटते तेवढी बाकी कशाची वाटत नाही.

बाराव्या दिवशी दौंडच्या काकूंचा फोन. आनंदाने त्यांना धड बोलता येत नव्हतं. सकाळी काका अंथरुणात उठून बसले आणि पहिला शब्द बोलले. "तीन वार, म्हणाले. म्हणजे काय हो, ताई? तुम्हाला माहितीय का?"

"लिलावात माल गेला की म्हणतात," मी म्हटलं. मग त्यांनी फोन काकांना दिला. काका मुळात हळू बोलणारे, असं काकूंनीच सांगितलेलं; चष्म्यातले गृहस्थ, मी त्यांचा फोटो पाहिलाय. फोनवरून आवाज आला तो मामांचा. शब्द काकांचे, शहरी, "धन्यवाद" वगैरे – पण आवाज तोच, ओसरीवरून चहा मागणारा. मिस्टर शेजारच्या खोलीतून धावत आले. त्यांना वाटलं, आपले वडील बोलले.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दोन दिवसांनी, मिस्टर भाड्याला गेल्यावर, मीच दौंडला फोन लावला. काकांना म्हटलं, "आमचे मामा आता आजारी आहेत. तुम्ही बरे झालात एवढं त्यांना सांगा. धीर येईल." त्या माणसाला मी बाकी काही सांगितलं नाही. एका घरातून काढायचं आणि दुसऱ्या घरात ठेवायचं – मला तर तेवढंच येतं. काका खुशीने हो म्हणाले. मी स्पीकर लावून फोन मामांच्या उशीशी धरला.

"मामा, राम राम," त्यांचाच आवाज त्यांना म्हणाला. "मीसुद्धा तुमच्यासारखाच..."

मामांचे डोळे खाडकन उघडले. तो चालणारा एकच हात, उजवा, त्यांनी उचलला आणि काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन कट केला. मी परत लावायला गेले तर माझं मनगट घट्ट पकडलं. मान हलवली – नाही. यार्डात कुणी वजनात काटा मारला तर मामा ज्या नजरेने बघायचे त्या नजरेने माझ्याकडे बघत होते. मनगट सोडलं ते मी फोन बंद करून खाली ठेवल्यावरच.

न्यूरोच्या डॉक्टरांना मी तो शेवटचा फोन सोडून बाकी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मेंदूत लागोपाठ गाठी झाल्यात, वरवंड-दौंडचे पेशंट औषधांनी सुधारले, आवाजाचं म्हणाल तर फोनवर सगळे आवाज सारखेच वाटतात. असेलही. पण "तीन वार"चं त्यांच्याकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही. कुणाला काही सुचत असेल तर सांगा, फक्त कुणा बाबाचा नंबर देऊ नका.

गाळ्याचा विषय सोडून दिला. जाहिराती काढून टाकल्या. शेवटचा पलंग विकला नाही, त्यावर मामा आहेत.

परवा न्हावऱ्याच्या एका माणसाचा फोन आला. आमच्याच लाइनीत नवीन उतरलाय, मामांचं त्याच्या कानावर गेलं होतं. त्याने आधी विचारलं, "मामा कसे आहेत?" मग विचारलं, "पलंग किती महिने वापरलाय?" हे दोन प्रश्न याच क्रमाने विचारायचे, हे मीही असंच शिकले होते. मी त्याच्यावर चिडले नाही. मामा उजव्या हाताने पलंगाची कड धरून माझ्याकडे बघत होते.

"पेशंट बरे झाले," मी म्हटलं, "की कळवते."