छत्रीत पडलं ते आपलं

आकाशातून जे जे खाली येतं त्यावर आपला जन्मसिद्ध हक्क आहे, असं मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला आहे. ते म्हणजे आमच्या सौ.चे मामा. दापोलीजवळच्या एका बंदरात त्यांनी उभा जन्म तांडेल म्हणून होडी हाकली आणि हाडं कुरकुरायला लागल्यावर ते टीव्हीसमोर नांगर टाकून बसले. त्यांचं कायद्याचं सगळं ज्ञान समुद्रावरचं. "मासा कुणाचा? ज्याच्या जाळ्यात आला त्याचा. तसं वरून येतं ते ज्याच्या छत्रीत पडलं त्याचं!" छत्री म्हणजे कौलांवरची डिश. वादळवाऱ्यात ती हलू नये म्हणून मामांनी ती होडीच्या दोरखंडाने माडाला बांधली होती. माड हलला की बातम्याही हलत.

क्रिकेटचा सामना असला की टीव्ही पडवीत यायचा आणि अख्खी वाडी अंगणात. एकदा नेमका त्याच वेळी डिशच्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "काका, ही जोडणी फक्त घरच्या माणसांसाठी असते." मामांनी अंगणावरून नजर फिरवली आणि शांतपणे सांगितलं, "ह्यातला परका दाखव, आत्ता उठवतो." तो बिचारा शोधायला लागला. कुणी चुलत, कुणी मावस, कुणी व्याही. शेवटचं षटक येईपर्यंत तोही चहा घेऊन बसला होता.

एका शिमग्याला ग्रामदेवीची पालखी मामांच्या अंगणात नाचली, ती कुठल्याशा वाहिनीने दाखवली. त्यात मामी ओवाळताना दिसल्या. निरांजन सांभाळत, पदर सावरत, चक्क हसल्या. मामांनी ते टीव्हीखालच्या सेट-टॉप डब्यात रेकॉर्ड करून ठेवलं. पुढच्याच पावसाळ्यात मामी गेल्या. मग रोज सकाळी चहाबरोबर मामा तेवढी पालखी बघत. "तुझी मामी हसली की चहाला साखर लागत नाय," असं ते सौ.ला सांगत. साखर त्यांना डॉक्टरांनी बंद केली होती, ही गोष्ट वेगळी.

आणि एका दुपारी वीज कडाडली, डबा बंद पडला. कंपनीचा माणूस म्हणाला, "डबा बदलून देतो. पण जुना परत द्यावा लागेल."

"आणि पालखी?"

"ती आतल्या डिस्कवर आहे, काका. पण तिला कुलूप असतं. ह्याच डब्यात उघडते, आणि हा तर गेला. कार्यक्रमाचे हक्क वाहिनीचे ना."

"अंगण माझं, पालखी गावाची, बायको माझी. आणि हक्क त्यांचा?"

मामांनी वाहिनीला फोन लावले. तिथून उत्तर आलं, जुने कार्यक्रम ठेवत नाहीत. तेव्हा मामांनी वरच्या कोर्टात जायचं ठरवलं, म्हणजे देवळात. गुरवाने कौल मागायला देवीला फुलांच्या कळ्या लावल्या, मामांनी गाऱ्हाणं घातलं, "डबा देऊ नको म्हणत असशील, तर उजवी दे." उजवी कळी पडली. मामांनी लगोलग कंपनीला फोनवर कळवलं, की डबा मिळणार नाही, देवीचा कौल आहे. पलीकडच्या मुलीने अदबीने विचारलं, "सर, देवींचा ग्राहक क्रमांक सांगता का?"

शेवटी मामांनी दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली. त्या मेलेल्या डब्याला मात्र अजून टीव्हीखाली जागा आहे. सकाळी त्याच्यावरची धूळ पुसल्याशिवाय मामा चहाला हात लावत नाहीत. परवा ते पाहून मला फार वाईट वाटलं आणि मी बोलून गेलो, "मामा, ह्यातून आता काही बाहेर यायचं नाही."

मामांनी फडकं झटकलं. "पण आत आहे ना ती?"

"आहे."

"मग झालं तर. जावई, हाक मारल्याबरोबर ती तरी कधी बाहेर आली होती?"