नवापूरच्या वखारीतलं जहाज

टकटक आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी लाकूड वाजवून बघत. दाराची चौकट, खाटेचा पाय, फडताळ, काहीही. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि मगच घरच्यांची खुशाली विचारायची. माझ्या साखरपुड्यात तर त्यांनी कहर केला. मी पाटावर बसलेलो, भटजींचे मंत्र चाललेले, आणि हे गृहस्थ वाकून माझ्या पाटाची कड वाजवताहेत. "आंबानं शे. चाली," असा निर्वाळा देऊन ते मागं सरकले. मुलीच्या मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहत राहिलो.

आप्पा नवापूरला जंगलखात्याच्या लाकडाच्या वखारीत मापारी होते आणि मी तिथं हंगामी कारकून. डोंगरातून सागाचे ओंडके बैलगाड्यांवर येत. आप्पांनी ते मोजायचे, तपासायचे आणि पसंत पडेल त्याच्या तोंडावर शिक्क्याचा हातोडा मारायचा. शिक्का उमटला की मी वहीत नंबर लिहायचा आणि ओंडका शेजारच्या स्टेशनात मालगाडीच्या वाघिणीवर चढायचा. नापसंत ओंडक्यावर आप्पा कोळशानं फुली मारत. मग तो वखारीतच उन्हात पडून राही.

काम सोपं होतं. इतर वखारींतले मापारी ओंडक्याभोवती एक फेरी मारत आणि हातोडा घालत. आमच्याकडे तसं नव्हतं. हमालांचा मुकादम शिमोन ओंडक्याच्या एका टोकाला ठोका द्यायचा आणि आप्पा पागोटं उतरवून दुसऱ्या टोकाला कान चिकटवून उकिडवे बसायचे. आवाज खणखणीत आला तर लाकूड भरीव, दबका आला तर आतून पोकळ. एवढं मलाही कळत होतं. पण आप्पांचं एका ठोक्यात कधी भागलं नाही. ओंडका पालथा करा, पुन्हा ठोका, टोकं बदला, पुन्हा ठोका. मी छत्री आणि वही घेऊन डोक्यावर येऊन उभा राहिलो की डोळे मिटलेले ठेवूनच म्हणत, "तुमले घाई शे भाऊसाहेब, लाकूडले नही."

घाई मला होतीच, आणि ती का होती हे आप्पांना चांगलं ठाऊक होतं. लढाईचे दिवस होते. ब्रह्मदेश पडला, तिकडचा साग बंद झाला आणि सगळ्यांची नजर आमच्या डोंगरांवर आली. धुळ्याहून साहेबांच्या तारा येत. वाघिणी वेळेवर भरल्या तर तुला कायम करतो, असं साहेबांनी मला सांगितलं होतं. आणि लोणखेड्याच्या माझ्या भावी सासऱ्यांनी सांगितलं होतं की नोकरी कायम झाली की लग्नाची तिथी काढू, आधी नाही. म्हणजे माझं लग्न आप्पांच्या कानात अडकून बसलं होतं.

त्यात स्टेशनच्या भिंतीवर ते चित्र लागलं. लढाईची चित्रं तिथं नेहमीच डकवत, पण हे निराळं होतं. विमानं ज्याच्या पाठीवर उतरतात असं एक नवं जहाज गोदीत बांधलं जात होतं. पाठ अंगणासारखी सपाट, आणि तिच्यावर ओळीनं बसलेले सुतार फळ्या ठोकत होते. आप्पा सगळी दुपार त्या चित्रासमोर उभे राहिले. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "इतलं लाकूड कोठथीन येस?"

मी म्हटलं, "इथूनच जातं. आपलाच साग तो."

वाटलं, म्हातारा आता तरी भराभर हात चालवेल. जन्मात एवढी मोठी घोडचूक मी केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा दुप्पट वेळ घेऊ लागले. पसंत करून ठेवलेले ओंडके त्यांनी पुन्हा काढायला लावले. "इमान वरथीन उतरी अनि लाकूड फाटनं ते?" असं विचारत आणि धडधडीत चांगल्या दिसणाऱ्या सागावर फुली मारत. माझ्या वहीतले नंबर मी लिहायचे आणि मीच खोडायचे. वही पाहून साहेबांना वाटलं, मला मोजताच येत नाही.

प्रश्नांना तर अंत नव्हता. जहाज किती लांब असतं? चित्राखाली लांबी दिली होती ती मी सांगितली. तेवढ्या लांबीचा दोर घेऊन आप्पांनी तो वखारीच्या फाटकापासून स्टेशनच्या पाण्याच्या टाकीकडे नेला आणि चार कोपऱ्यांवर चार हमाल उभे केले. भर कामाच्या वेळी. स्टेशनमास्तर बाहेर येऊन मला विचारू लागले की मांडव कुणाचा पडतोय. आप्पा त्या मोकळ्या जागेतून पावलं मोजत फिरत होते आणि मधूनच वर बघत होते.

"इतल्या जागामा इमान थांबस कसं?" त्यांनी विचारलं. तारा आडव्या बांधलेल्या असतात, त्यांत ते अडकतं, एवढं मी कुठंसं वाचलं होतं, ते सांगितलं.

"वासरूले लावतस तसं दावं?"

"तसंच."

"मंग दावं मजबूत जोयजे," असं म्हणून ते ओंडक्यांकडे वळले. मला वाटलं सुटलो. दोन दिवसांनी पुन्हा माझ्या टेबलाशी उभे. नवं जहाज कशाला बांधतात, जुनं काय झालं? जुनी काही बुडाली, म्हणून नवी बांधतात, मी म्हटलं.

"जे बुडनं, त्यानं लाकूड कोनी ऐकं व्हतं?"

"आप्पा, ते बाँबनं बुडालं."

"बाँब ते पडनाच. पन लाकूड कोनी ऐकं व्हतं?"

 या माणसानं समुद्र पाहिला नव्हता. तापीला पूर आल्यावर त्यांच्या प्रकाशा गावच्या घाटावरून जेवढं पाणी दिसतं त्यापलीकडे त्यांची कल्पना जात नव्हती. पण जहाजाची सगळी जबाबदारी आपल्या एकट्याच्या कानावर आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बरं, हे वेड त्यांच्यापुरतं राहिलं नाही. शिमोननं रविवारी चर्चमध्ये जहाजासाठी प्रार्थना केली. गाडीवान बैल सोडता सोडता विचारायचे, कुठवर आलं जहाज?

आमचं लाकूड कुठं जातं हे फक्त मला ठाऊक होतं, कारण मालाची बिल्टी, म्हणजे माल कुठं पोचवायचा तो रेल्वेचा कागद, मी लिहीत होतो. ते जात होतं एका छावणीत, बराकींच्या छपराला. जहाजाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. हे एकदा सांगून टाकावं असं रोज मनात यायचं. पण सांगणार कुठल्या तोंडानं? ती थाप मीच मारली होती.

शेवटची वाघीण सात ओंडक्यांनी कमी पडत होती आणि नेमकं तेव्हाच आप्पांच्या वडिलांचं श्राद्ध आलं. ते दोन दिवसांसाठी प्रकाश्याला, आपल्या गावी निघाले. शिक्क्याचा हातोडा खरं तर वखारीतल्या साहेबांच्या पेटीत बंद करून जायचा नियम होता. पण साहेब फिरतीवर होते आणि पेटीची किल्ली त्यांच्याबरोबर. आप्पांनी हातोडा आपल्या उपरण्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "सांभाया भाऊसाहेब. कोनीबी मांगं ते दिऊ नका."

कुणी मागितला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांची तार आली की वाघीण संध्याकाळच्या गाडीला लागलीच पाहिजे. मी फुली मारलेल्या ओंडक्यांतले सात निवडले, ओल्या गोणपाटानं कोळसा पुसला आणि प्रत्येकाच्या तोंडावर हातोडा घातला. शिमोन बघत होता.  मी भाऊसाहेब होतो, म्हणून त्यानं ओंडके चढवले. गाडी सुटली तेव्हा मला हलकं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

आप्पा परत आले आणि फाटकातच थबकले. वखारीतला एकेक ओंडका त्यांना माणसासारखा ओळखू येत असे. "फुलीवाला सात ओंडका कोठे गयात?" त्यांनी विचारलं. शिमोननं मान खाली घातली.

मग माझा तोल गेला. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. मी ओरडलो की गेले ते, मी शिक्का मारला आणि पाठवले, आणि तुमचं ते जहाज बंद करा आता. आपलं लाकूड कुठल्याही जहाजाला जात नाही, बराकीच्या छपराला जातं, मी खोटं बोललो होतो. हमाल हातातलं काम टाकून उभे राहिले.

आप्पा हळूच एका ओंडक्यावर बसले. "म्हंजे जहाज बांधतसच नही?"

"बांधतात. कुठंतरी बांधत असतील. आपल्या लाकडानं नाही."

त्यांनी उभ्या हमालांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बराकमा मानसं निजतस ना?"

मी हो म्हटलं.

"मंग कागद ल्या. लिखा."

आप्पांना सही येत होती, कचेरीची मराठी येत नव्हती. ते अहिराणीत सांगत गेले आणि मी कचेरीच्या भाषेत लिहीत गेलो. सात ओंडके सदोष आहेत, ते वाटेत उतरवून घ्यावेत. हातोडा ताब्यात असताना हलगर्जीपणा झाला, दोष सर्वस्वी माझा, म्हणजे मापाऱ्याचा, आहे. मी थांबून विचारलं, "शिक्का कुणी मारला, ते?" ते म्हणाले, "हातोडा मी दिन्हा. नियम मी मोडा. बाकीनं सायेबले काय करनं शे?" मी तेव्हा लेखणी खाली ठेवून माझं नाव घालायला हवं होतं. मला लोणखेड्याचे सासरे दिसत होते. मी खाली तारीख घातली आणि कागद सहीसाठी पुढं केला.

ओंडके सुरतेला उतरवले गेले. पंधरा दिवसांनी साहेबांचं पाकीट आलं. त्यात दोन हुकूम होते. पेन्शन दीड वर्षावर आलेली असताना आप्पांना कामावरून कमी केलं होतं, आणि मला कायम केलं होतं. मी पेढे वाटले नाहीत. लग्न मात्र केलं.

आप्पा गेले त्या दिवशी मला त्यांचा विलक्षण संताप आला. चार लोकांसमोर माझी लाज काढली असती, एक थोबाडीत दिली असती, तर मी मोकळा झालो असतो. त्यांनी फक्त शिमोनला ठोका कसा मारायचा ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं आणि स्टेशनकडे चालू लागले. अशा माणसाचं काय करायचं?

लग्नानंतर बायकोला घेऊन मी प्रकाश्याला गेलो. आप्पा घाटावर एका कोळ्याच्या उलट्या घातलेल्या नावेची फळी वाजवत बसले होते. मी त्यांचे पाय धरले. साहेबांना सगळं खरं लिहून कळवतो, असं म्हणालो, आणि त्या क्षणी ते मनापासून म्हणालो. त्यांनी हात हलवून तो विषयच उडवून लावला आणि माझ्या बायकोला विचारलं, "तुन्हा घरनी चौकट कसानी शे बेटा?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी कचेरीत आलेल्या कागदातलं सांगितलं की सुरतेला ते सातही ओंडके करवतीनं कापून पाहिले. सहा आतून पोकळ निघाले. तुमचा कान खरा ठरला आप्पा.

"अनि सातवा?"

"तो भरीव होता."

नोकरी गेली तेव्हा न उतरलेला चेहरा आता उतरला. ते नावेला टेकून उभे राहिले. "चांगला लाकूडले मी फुली मारी," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कोनता व्हता तो, भाऊसाहेब?"

मला सांगता आलं नाही. सातांपैकी एकालाही मी कान लावला नव्हता.